रोज तीन गोष्टी लिहितेय, पण आतून काहीच वाटत नाही, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय, वय चाळिशीच्या आसपास, रोज लोकलने दादरला नोकरीला जातात. तीन महिने झाले, रात्री झोपताना डायरीत रोज तीन गोष्टी लिहितात ज्यांच्याबद्दल कृतज्ञ आहोत अशा. पहिले आठ-दहा दिवस छान वाटलं, आता नुसतं उरकल्यासारखं होतं, "कुटुंब, आरोग्य, नोकरी" हेच तीन शब्द फिरवून फिरवून लिहिले जातात आणि वर अपराधी वाटतं की सगळं असून मला काही वाटत कसं नाही, माझ्यातच खोट आहे का. डायरी बंद करू का, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ही सवय लावायची होती ती लावू का नको, असंही विचारलंय.

ताई, आधी हे वाचून मोकळ्या व्हा, खोट तुमच्यात नाही, यादीत आहे. "कुटुंब, आरोग्य, नोकरी" या आजच्या दिवसातल्या गोष्टीच नाहीत हो, हे रेशनकार्डावरचे रकाने झाले, काल पण तेच होते आणि देवाच्या कृपेने उद्या पण तेच असतील. रेशनकार्ड वाचून कुणाचा ऊर भरून आलाय का कधी?

मी गेली २१ वर्षं समुपदेशनाचं काम करते, सुरुवातीला एका ट्रस्टच्या दवाखान्यात आणि नंतर नाशिकला स्वतःचं, आणि गेली नऊ-दहा वर्षं दर बुधवारी दुपारी बायकांचा एक छोटा गट भरतो माझ्याकडे, त्यात आम्ही बाकी बऱ्याच गप्पा मारतो पण मुख्य काम हेच, दिवसातलं बारीकसारीक बरं काय होतं ते टिपायचं. त्यामुळे तुमची अडचण मला इतक्या वेळा भेटलीये की काय सांगू. आणि सगळ्यात आधी ती माझ्याच घरी भेटली. २००९ साली एका शिबिरात एका सरांनी सांगितलं की रोज सकाळी पाच गोष्टी लिहा, का लिहायच्या आणि कशा लिहायच्या ते काही सांगितलं नाही, आणि मी आपली आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी लिहीत सुटले. ती डायरी अजून आहे. एक्केचाळीस पानं सलग "आईबाबा, नवरा-मुलं, घर, तब्येत, देव". मध्येच एका दिवशी कंटाळा आला असणार, कारण तिथे पाच गोष्टी नाहीत, एकच वाक्य आहे, "लाईट गेली म्हणून सगळे गच्चीत झोपलो, बाबांनी ध्रुवतारा दाखवला पण बोट भलतीकडेच होतं." बाबा जाऊन आता आठ वर्षं झाली. बाकीच्या चाळीस पानांवर "आईबाबा" असा शब्द चाळीस वेळा आहे आणि त्यातून बाबा एकदाही दिसत नाहीत, या एका ओळीत ते अख्खे उभे राहतात, चट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यासकट.

मला जे काय सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर, पण थोडं उलगडून सांगते.

कृतज्ञता हा शब्द आपण बोलताना वापरतच नाही बघा. तो निरोप समारंभात वापरतात आणि पुरस्कार घेताना. घरात आपण म्हणतो "त्याला जाण आहे हो" किंवा "एवढं केलं पण पोराला जाण नाही". जाण म्हणजे जाणणं, माहीत असणं. कृतज्ञ शब्दाची फोड केली तरी तेच निघतं, कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा, आपल्यासाठी काय केलं गेलंय हे ज्याला ठाऊक आहे तो. यात ऊर भरून येणं, डोळ्यात पाणी येणं, मन प्रसन्न होणं असं काहीच सांगितलेलं नाहीये. तुम्ही रोज रात्री पेन हातात घेऊन वाटायची वाट बघत बसता आणि ते येत नाही म्हणून स्वतःला बोल लावता. मी म्हणते वाटण्याचं सोडून द्या, आधी नीट बघा काय झालं ते, वाटणं मागून येईल तेव्हा येईल, कधी नाही येणार, नाही आलं तरी बघितलेलं कुठे जात नाही.

बघायचं म्हणजे किती बारीक, तर माझ्या मामाच्या गावाचं सांगते, निफाडकडे. पोळा श्रावण अमावस्येला, पण मला त्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ जास्त आवडायची, खांदेमळणीची. बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे आणि मग तूप नाहीतर लोणी आणि हळद लावून चोळायचे, आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, गोंडे, पुरणपोळी हा सगळा थाट असतोच, पण आदल्या दिवशी खांदाच का चोळतात? कारण जू तिथे बसतं. वर्षभर सगळा भार त्या वीतभर जागेवर आलेला असतो, कातडी तिथे जाड झालेली असते. ज्याने कुणी ही रीत घातली त्याला "बैलाबद्दल कृतज्ञता" असलं काही मोघम सुचलेलं नव्हतं, त्याला नेमकं माहीत होतं की दुखत असेल ते कुठे. माझ्या गटात आता हा आमचा आपापसातला शब्दच झालाय, कुणी म्हणालं की "आज नवऱ्याने खूप मदत केली" की बाकीच्या ओरडतात, खांदा सांग, खांदा!

आता तुमचे तीन शब्द घेऊ आणि त्यांचा खांदा शोधू. गटातल्याच बायकांची उदाहरणं देते, थोडी इकडेतिकडे बदलून. "कुटुंब" लिहिणारी एक होती, तिला म्हटलं आज काय झालं ते सांग, तर खूप वेळ आठवून म्हणाली, काही नाही हो, दुपारी डबा उघडला तर लोणच्याची फोड वेगळ्या छोट्या पिशवीत बांधली होती. मग स्वतःच थांबली. डबा नवऱ्याने भरला होता आणि दोन दिवसांपूर्वी ती सहज बोलून गेली होती की पोळीला लोणच्याचं तेल लागतं. म्हणजे त्याने ते ऐकलं होतं. पंधरा वर्षांच्या संसारात "माझं कुणी ऐकत नाही" ही तिची मुख्य तक्रार, आणि ऐकल्याचा पुरावा स्टीलच्या डब्यात पडलेला. "आरोग्य" लिहिणारी एक जण होती, गुडघ्याचं दुखणं, तिने एकदा लिहिलं "आज दुसऱ्या मजल्यावर न थांबता तिसऱ्यापर्यंत गेले, वर गेल्यावर कळलं की थांबले नाही." आणि नोकरीचं म्हणाल तर तुमच्या लोकलमध्येच किती आहे बघा ना, कुणीतरी न सांगता इंचभर सरकून तुम्हाला चौथी सीट दिली असेल, "कुठे उतरणार" विचारल्यावर कुणी मानेनेच मुलुंड सांगितलं असेल म्हणजे पुढचा सगळा प्रवास बसून, गजरेवालीने डब्यात पाऊल टाकल्या टाकल्या मोगऱ्याचा वास आला असेल. हे लिहायला "कृतज्ञता" लागतच नाही, नुसतं डोकं वर करून बघावं लागतं. (आणि फोन पर्समध्ये ठेवावा लागतो, हे मी स्वतःला पण सांगतेय.)

मोठ्या गोष्टी लिहून काही वाटत नाही त्यामागे मनाचा एक साधा स्वभाव आहे. मन चांगल्याला सरावतं. नवीन फ्रीज आला की दोन दिवस उगाच उघडून बघतो, महिन्याभरात तो भिंतीचा भाग होतो आणि मग थेट बिघडतो तेव्हाच आठवतो. घराचं तेच, नोकरीचं तेच, नवऱ्याचं तर विचारूच नका. यात कृतघ्नपणा काही नाही, सगळ्या सुखांचं रोज नव्याने कौतुक वाटत राहिलं असतं तर स्वयंपाक कधी केला असता? पण याचा अर्थ असा की जे कायम आहे ते डायरीत लिहून मनाला हलवता येत नाही, जे आज घडलं आणि काल घडलं नव्हतं त्यानेच ते हलतं.

कायम असलेल्या गोष्टींसाठी एक वेगळी युक्ती आहे आणि ती मला फार कामाची वाटते. ती गोष्ट आहे म्हणून लिहायचं नाही, ती नसती तर काय झालं असतं ते लिहायचं. २००८ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं होतं, काही लोकांना आयुष्यातली एखादी चांगली घटना कशी घडली ते लिहायला सांगितलं आणि काहींना ती कशी घडलीच नसती ते लिहायला सांगितलं, आणि दुसऱ्या गटाला जास्त बरं वाटलं. आपल्याला हे सांगायला अमेरिका कशाला पाहिजे म्हणा. माझ्या गटात लातूरकडची एक मुलगी होती, लग्न होऊन नाशिकला आलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं लातूरला, आठवत असेल तुम्हाला, तो उन्हाळा तिने तिथे काढलेला. ती म्हणाली, मला रोज काही लिहावं लागत नाही हो, सकाळी नळ सोडला की पहिले दोन सेकंद मी हात खाली धरते, बास. दोन सेकंदांचा हा तिचा सगळा कार्यक्रम. तुम्ही महिन्यातून एकदा असं करून बघा, नवरा ज्या दिवशी पहिल्यांदा भेटला त्या दिवशी तुम्ही गेलाच नसता तर, किंवा ही नोकरी त्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली असती तर. पण रोज करू नका, रोज केलं तर ती भीती होते.

संशोधनाचं निघालंच आहे तर सांगते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर याबद्दल फार मोठमोठ्या गोष्टी फिरतात, मेंदू बदलतो आणि आजार बरे होतात वगैरे. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोघांनी केलेला प्रयोग या सगळ्याच्या मुळाशी आहे. विद्यार्थ्यांचे गट केले, एका गटाने आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटणाऱ्या गोष्टी लिहायच्या, एकाने कटकटीच्या, एकाने नुसत्या घडलेल्या, असं दहा आठवडे. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत जास्त बरं चाललंय असं वाटलं, तब्येतीच्या कुरबुरी पण कमी सांगितल्या. मग २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टींचा प्रयोग केला, तुमची डायरी बहुतेक तिथूनच आलीये. त्यातलं अर्धं वाक्य मात्र वाटेत गळालं. तीन चांगल्या गोष्टी लिहा एवढंच नव्हतं ते, प्रत्येक गोष्ट का घडली ते पण लिहा असं होतं. आणि ते सांगितलं होतं फक्त एका आठवड्यासाठी. ज्यांना आवडलं आणि ज्यांनी आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांना सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत होता. म्हणजे लोणच्याची फोड वेगळी बांधली हे झालं अर्धं, "कारण मी मंगळवारी बोलले ते त्याच्या लक्षात राहिलं" हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या अनुभवात जीव या दुसऱ्या अर्ध्यातच असतो.

अजून एक, सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात सहा आठवडे काही लोकांनी आठवड्यातून एकदा लिहिलं आणि काहींनी तीनदा, तर एकदा लिहिणाऱ्यांनाच फायदा झाला. तीनदा लिहिणाऱ्यांना बहुधा कामच वाटायला लागलं. तुमचं तीन महिने रोजचं उरकणं आठवा. पुढे अशा बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र करून बघितले गेले तेव्हा नैराश्य आणि चिंता यांच्यावरचा परिणाम छोटाच निघाला, काहीतरी आहे पण छोटा. म्हणून कुणी हे औषध म्हणून सांगत असेल तर ऐकू नका. फोडणीत चिमूटभर हिंग असतो तेवढं आहे हे, नसला तर जाणवतं, पण हिंगाने पोट भरत नाही.

यावरून जो अपराधीपणा तुम्ही लिहिलाय त्याकडे येते, कारण मला तो डायरीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे मुलींना कृतज्ञता शिकवतात ती जवळजवळ नेहमी गप्प करायला शिकवतात. "सुखी आहेस बाई, नवरा पीत नाही, मारत नाही, आणि काय पाहिजे?" हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई मला अजून भेटायचीये. "पानात टाकू नकोस, लोकांना मिळत नाही." "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं." ऐकून ऐकून डोक्यात असं बसतं की ज्याला जाण आहे त्याने तक्रार करायची नाही आणि तक्रार केली म्हणजे जाण नाही. मग कृतज्ञतेची वही उघडली की पहिल्यांदा आतली सासू जागी होते. तुमच्या सासूबाई चांगल्या असतीलही, मी आतल्या सासूबद्दल बोलतेय. तुम्ही "नोकरी" लिहिता तेव्हा त्याच्या खाली न लिहिलेलं एक वाक्य असतं का बघा, "आणि तरी मी वैतागते." तसं असेल तर ती कृतज्ञता नाही हो ताई, ती हजेरी आहे.

एकदा गटात एकीने वाचून दाखवलं, "तो काल पिऊन आला पण भांडी फेकली नाहीत, त्याबद्दल आभार." खोलीत एकदम शांत झालं. ती खरंच मनापासून लिहून आली होती, आणि मला स्वतःची फार लाज वाटली त्या दिवशी, की मी दिलेल्या अभ्यासात ही बाई हे लिहून आणते. तेव्हापासून माझा पहिला नियम आहे की वाईट कमी झालं याला चांगलं म्हणायचं नाही. भांडी न फेकणं हे काही कुणी तुमच्यासाठी केलेलं नाही. तिचं पुढे आम्ही वेगळं काम केलं, वहीशिवाय, तिच्या भावाला बोलावलं, बऱ्याच गोष्टी केल्या. दुसरा नियम, वहीत तक्रारीला जागा ठेवायची. त्याच पानावर लिहायचं. "आज बॉसने मीटिंगमध्ये माझं काम स्वतःचं म्हणून सांगितलं, डोकं फिरलं. येताना पाऊस आणि कणीस, लिंबू जरा जास्तच चोळलं होतं, मस्त." दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच दिवशी झालंय, एकाने दुसरं पुसायचं नाही. गंमत म्हणजे ज्या बायका अशा मोकळेपणाने चिडतात त्यांची दुसरी ओळ जास्त खरी उतरते.

आणि एक गोष्ट गंभीरपणे विचारते. तुम्ही लिहिलंय "आतून काहीच वाटत नाही". हे फक्त डायरीपुरतं आहे का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत, म्हणजे जेवणात, गाण्यात, मुलाच्या बडबडीत, त्यातही काही वाटत नाहीये का, झोप बिघडलीये का, हे दोन-तीन आठवडे सतत चालू आहे का? तसं असेल तर डायरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, कारण नैराश्यात माणसाला चांगल्या गोष्टी दिसतात पण पोचत नाहीत, आणि न पोचणाऱ्या गोष्टींची रोज यादी करायला लावली तर माणूस अजून खचतो. सरकारची टेलीमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्यांनाही मी हे सगळं सांगत नाही. त्यांना रडू द्यावं, जेवायला वाढावं.

बरं, तुमच्या प्रश्नावरून मला तुमचं तसं वाटत नाहीये, कारण पहिले आठ-दहा दिवस छान वाटलं होतं, म्हणजे पोचत होतं. तेव्हा काय लिहीत होतात ते काढून बघा. माझी पैज आहे की त्या दिवसांत ओळी लांब असतील.

अजून एक, लिहिलेलं सगळं वहीतच ठेवायचं का? शक्य असेल ते त्या माणसापर्यंत गेलं पाहिजे असं माझं मत आहे. पण इथे आपली मराठी माणसांची अडचण, घरात धन्यवाद म्हणता येत नाही, आईला "धन्यवाद" म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. थँक्यू चालतं, पण ते आता इतकं गुळगुळीत झालंय की रिक्षावाल्याला पण तेच आणि आयुष्यभर केलेल्या मावशीला पण तेच. आपल्याकडे आभार मानायची खरी रीत वेगळीच आहे, तपशिलात कौतुक करायचं. "आज भाकरीला काय पापुद्रा सुटला होता", झालं, याच्यापुढे कुठलं धन्यवाद? किंवा शेजारून वाटीत काही आलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, निदान साखर तरी घालायची, तोंडाने कुणी काही बोलत नाही पण दोघींनाही कळतं. मग त्या लोणच्यावाल्या बाईने नवऱ्याला काय सांगितलं असेल? आभार वगैरे काही नाही, रात्री रिकामा डबा घासताना नुसतं म्हणाली, "आज पोळी कोरडी राहिली हां." तो हसला म्हणे. तेवढंच.

मुलाचं विचारलंत तर, वही अजिबात देऊ नका, नऊ वर्षांच्या मुलाला तो अजून एक होमवर्क आहे आणि तो पाचव्या दिवसापासून "आई बाबा आजी" लिहायला लागेल, तुमच्यासारखाच. "आज काय छान झालं सांग" असं पण रोज जेवताना विचारू नका, मुलं पोलीस चौकशी ओळखतात. तुम्ही तुमचं सांगा. "आज ट्रेनमध्ये एका आजींनी अख्ख्या डब्याला तिळाचे लाडू वाटले, ओळख ना पाळख." एवढं सांगून गप्प बसा. दोन आठवडे काही होणार नाही, मग एक दिवस तो सांगेल की आज पीटीच्या सरांनी त्याला टीम निवडायला लावली आणि त्याने ज्याला कुणी घेत नाही त्याला पहिला घेतला किंवा शेवटी घेतला, काहीतरी सांगेल. तेव्हा त्यावर भाषण देऊ नका फक्त.

राहिला डायरी बंद करू का हा प्रश्न. करा, खुशाल करा. ती जाड पुठ्ठ्याची, कोपऱ्यात सोनेरी अक्षरं असलेली डायरी असेल तर तिचं एक दडपण असतं, तिच्यात भारी काहीतरी लिहिलं पाहिजे असं वाटतं. तुमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय असेलच. दुधाचे खाडे लिहिता ना त्यावर? त्याच चौकोनात लिहा. जागा इतकी कमी असते की "कुटुंबाचं प्रेम" लिहायला सुचतच नाही, चार-पाच शब्द मावतात आणि ते आपोआप नेमके होतात. रोज नको, आठवड्यातून दोनदा झालं तरी पुरे, एखादा आठवडा पूर्ण कोरा गेला तरी हरकत नाही. पेन मात्र तिथेच दोरीने बांधून ठेवा, नाहीतर शोधण्यात मूड जातो.

हे मला शिकवलं आईने, न सांगता. ती सातवी शिकलेली, कृतज्ञता हा शब्द तिने आयुष्यात उच्चारला असेल असं मला वाटत नाही. ती गेल्यावर माळ्यावरून तिची जुनी कॅलेंडरं निघाली, सुतळीने बांधलेला गठ्ठाच, का ठेवली होती देव जाणे. "गॅस लावला." "दूध खाडा." "पहिला पाऊस साडेचारला, गच्चीतले पापड वाचले." "शेजारून खरवस आला." आमच्या घरात सदानकदा पाहुणे, बाबांच्या गावाकडचे, दवाखान्याला आलेले, कोर्टकचेरीला आलेले, परीक्षेला आलेले, आणि तिने कधी कुणाला नको म्हटल्याचं मला आठवत नाही. १९८७ च्या मे महिन्यातल्या एका चौकोनात तिच्या बारीक अक्षरात आहे, "आज कुणी आलं नाही. दुपारी पंख्याखाली झोपले, चार वाजेपर्यंत."